न केलेल्या नकलेची माफी

माफी कोणत्या शब्दांत मागायची यावर ओसरीत सकाळपासून खल चालला होता, आणि जिने ती मागायची ती विमलबाई आत पोह्यांना फोडणी देत होती. मधलं दार अर्धं लोटलेलं होतं. बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं, आणि तिला ऐकू जावं म्हणूनच ते जरा मोठ्यानं बोललं जात होतं.

"नकल केली, चुकलं, लहान समजून पोटात घाला. एवढंच म्हनाचं," तोताराम म्हणाले. "त्याच्यावर एक शब्द नाई. जास्त बोललं का फसलं."

तोताराम तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. दोघा भावांच्या चुली कधीच्या वेगळ्या झाल्या, अंगणात मधे भिंतही आली, पण खर्चे घराण्यातले निकाल अजून त्यांच्याच तोंडून निघत. विमलबाईने सून म्हणून या घरात पाऊल टाकल्यापासून त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. ते समोर आले की पदर डोक्यावरून ओढून तोंडापुढे धरायचा, आणि काही सांगायचं झालंच तर जावेला म्हणायचं, 'बाई, त्यायले सांगा.' मग जाऊ केसरबाई ते वाक्य आपल्या चवीचं मीठ घालून पुढे सरकवायची. आताच्या सुना असलं काही पाळत नाहीत. विमलबाई पाळत होती, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची सोयही होती. तोतारामांची खाकरण्याची, चष्मा पुसण्याची, 'हे पाय, मी सांगतो' म्हणण्याची नकल तिने त्यांच्यासमोरच बसून पदराआड कितीदा तरी केली होती, आणि शेजारच्या केसरबाईला हसू दाबता दाबता ठसका लागला होता.

नकला हा तिचा गुण. सासर-माहेरची झाडून सगळी माणसं तिच्या तोंडात मुक्कामाला होती. हळदीच्या दिवशी बायका तिला मधे बसवून एकेकाचं नाव पुकारत, आणि ती बसल्या जागी तो माणूस होऊन दाखवी. त्या गुणानंच आता घात केला होता.

झालं होतं असं. मागच्या आठवड्यात सोनाळ्याहून पाहुणे तिच्या काजलला कुंकू लावायला आले. मुलगा हर्षल, अमरावतीला नोकरीला. त्याचे वडील उकंडराव, संत्र्याच्या बागांचे मालक. आई सत्यभामाबाई. कुंकू लागलं, साक्षगंधाची म्हणजे साखरपुड्याची तारीख निघाली, पंगत बसली, आणि विमलबाईच्या नवऱ्याला, ओंकाररावांना, व्याह्यांपुढे बायकोचं कौतुक सुचलं. "आमची मंडळी नकला अशा करते, इवाई, का समोरच्याले वाटते मी आरशातच पाहून राह्यलो!" जन्मात कधी केलं नव्हतं ते कौतुक नेमकं त्या दिवशी. उकंडरावांनी नुकतीच कवळी बसवली होती. ती नीट बसत नव्हती, घासागणिक ते जिभेनं तिला वर ढकलत होते. आणि समोर दाराच्या चौकटीत, पाहुण्यांच्या पानांवर नजर ठेवून उभी असलेली विमलबाई ओठ चोखत होती, जबडा इकडून तिकडे हलवत होती, मधूनच जीभ बाहेर काढून आत घेत होती. भासरे दाराकडे पाठ करून जेवत होते, म्हणून पदर तोंडापुढे नव्हता. उकंडरावांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. पानातली पुरणपोळी तशीच टाकून उठले, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले.

दोन-तीन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की आमच्या दातांवर हसणाऱ्या घरात सोयरीक नाही. सोबत पुरावा म्हणून कुणीतरी मोबाइलवर काढलेला पंगतीचा व्हिडिओ.

विमलबाईने तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आपण असं काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. केलंच नव्हतं. मोबाइलमधली बाई मात्र करत होती, गाय रवंथ करते तशी, थांबायचं नाव नाही. साऱ्या जगाची तोंडं पाठ असलेल्या बाईला आपलं स्वतःचं तोंड काय करतंय याचा पत्ता नव्हता.

"हे मी हाय?" तिने विचारलं.

"आई, तू कवाची असं करतं," काजल म्हणाली. "मले वाटे तोंडात सुपारी आहे."

सगळ्यांना तसंच वाटत आलं होतं. सुपारीचं खांड तिच्या गालात कायम असे, आणि जिथे सुपारी नसे तिथे पदर असे.

काजल मलकापूरच्या शाळेत शिकवायची. डोकं थंड होतं पोरीचं. रडत न बसता ती आईला घेऊन बुलढाण्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी विमलबाईला हात ताणून धरायला लावले, खोलीतल्या खोलीत चालवलं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. कुठल्याच नाहीत, ती अभिमानानं म्हणाली. बीपी नाही, शुगर नाही. गॅसची तेवढी एक, सकाळी उठल्यावर. कधीपासून? तिला नीट सांगता येईना. पुतण्याची पोरगी आता शाळेत जाते, ती जन्मायच्याही आधीपासून.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या गोळीत दोन औषधं असतात. त्यातलं एक मेंदूपर्यंत पोचतं. ते थोडे दिवस घ्यायचं असतं. वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांचं तोंड असं आपोआप हलायला लागतं. हे वेड नाही, बाहेरची बाधा नाही, मुलीला होणारं नाही. ती गोळी थांबवायची. हळूहळू कमी होईल, पण सगळं जाईलच असं सांगता येत नाही. "आणि घरच्यांनी तोंड बंद कर, तोंड बंद कर म्हणून यांना टोकू नका," ते म्हणाले. "ते यांच्या हातात नाही."

गोळी यायची मोताळ्याच्या मेडिकलमधून. मेडिकल गोकुळचं. गोकुळ म्हणजे तोताराम आणि केसरबाईचा एकुलता एक. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब मारायची तर कुणाच्या नावानं?

विमलबाईने पोह्यांवर झाकण ठेवलं आणि दाराआड उभी राहिली.

"मोठे बाबा, पन आईनं नकल केलीच नाई," बाहेर काजल म्हणत होती. "डॉक्टरनं सांगतलं तेच सांगू ना त्यायले."

"हे पाय, मी सांगतो," तोताराम खाकरले. "नकल म्हनजे मस्करी. मस्करीले माफी असते. बिमारीले नसते. मेंदू हा शब्द सोनाळ्याच्या कानावर गेला का संपलं. आज मायचं डोकं, उद्या पोरीचं, परवा तिच्या लेकरायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मेंदूची नाई, गॅसची गोळी होती ते."

"मंग गोळी कोनं देल्ली, हा पुढचा सवाल," केसरबाई मधे पडली. "माझ्या पोराचं दुकान भर बाजारात हाय. लोक म्हनतीन, यानं सख्ख्या काकूले जहर चारलं. कुलूप लावू का मंग दुकानाले?"

"जहर नाई ते, आई," गोकुळचा आवाज आला. "सगळेच देतात. गिऱ्हाईक येते, गॅस झाला म्हनते, आपन देतो. मले काय माहीत, का..."

विमलबाईला त्याचा राग आला नव्हता, हीच तर पंचाईत होती. पोरगा मायाळू. दुकानातून येताना न विसरता गोळ्यांचा पुडा तिच्या हातावर ठेवायचा. 'काकू, तुमची गोळी.' त्याने कधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, आणि घरच्या पोराकडून औषध घ्यायला चिठ्ठी लागते हे तिच्याही कधी डोक्यात आलं नाही. शेजारीपाजारी ती मिरवायची, आमच्या घरातच मेडिकल आहे म्हणून.

ओंकारराव आत आले. पाण्याचा गडू उचलला, पाणी न पिताच ठेवला.

"म्हनून टाक विमल. एका वाक्यानं काय होते?"

"माझ्यावर खोटा आळ येते."

"पोरीसाठी."

"तुमाले काय वाटते?"

"दादा म्हनते ते बरोबरच असंन."

हे बोलताना ते गॅसच्या शेगडीकडे बघत होते. बुलढाण्याहून आल्यापासून नवऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. बोलायचे ते भिंतीशी, ताटाशी, शेगडीशी. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला शिव्या दिल्या होत्या, एकदा गडू फेकून मारला होता, त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं.

"म्हनतो मी," ती म्हणाली. "सांगा त्यायले."

खरं तर तिला खोटं बोलण्याची फारशी लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती त्या तोंडाची. आगाऊ बाई, चेष्टेखोर बाई म्हणून घ्यायची तिला सवय होती, त्यात एक ऐटही होती. पण आपण न हलवता हलणारं तोंड घेऊन चारचौघांत बसायचं, आणि लोकांनी आधी त्याच्याकडे, मग एकमेकांकडे बघायचं, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं. लुगडं बदलताना तिने आरशात पुन्हा करून पाहिलं. बोलत राहिलं की तोंड गप्प असे. मुद्दाम वेडंवाकडं केलं तरी तिच्या हुकमात राही. स्वस्थ बसलं, की आपलं आपण सुरू. म्हणजे नकल करताना ते शहाणं, आणि नकल नसताना वेडं. तिने आरसा पालथा ठेवला.

पाहुणे दुपारी आले. उकंडराव आणि सत्यभामाबाई, दोघंच. हर्षलला आणलं नव्हतं, यावरून काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पुरुष एका अंगाला बसले, बायका दुसऱ्या. चहा आला. उकंडरावांनी कप पुढ्यातून बाजूला सरकवला.

"मी भांडाले नाई आलो," ते म्हणाले. उंचापुरा, करड्या मिशांचा माणूस, पण बोलताना तळहात सारखा तोंडावर जात होता. "सोयरीक मोडाची तं तोंडावर मोडावी, म्हनून आलो. माझे दात गेले. त्याचं मले कोनी सांगाची गरज नाई. हे नवे बसत नाईत. चार लोकायत जेवाची मले लाज वाटते, तं मी कोनाकडं जेवतच नाई. पोराचं काम म्हनून तुमच्या पंगतीले बसलो. अन् तिथंच माझा तमाशा झाला."

विमलबाई दाराआड होती. तिला त्या माणसाची फार दया आली, आणि दया यावी अशा माणसाला आता आपण खोटं सांगणार याची शरमही.

"चूक झाली, इवाई," तोताराम म्हणाले. "घरच्या लक्ष्मीले बोलावतो. ते सोता माफी मांगन."

केसरबाईने तिला कोपराने ढोसलं. विमलबाई पदर तोंडापुढे धरून पुढे झाली. सकाळी ठरलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं, "भाऊ, नकल केली. चुकलं माझं. लहान समजून पोटात घाला." म्हणून झालं. आता हात जोडायचे. हात जोडायचे म्हणजे दोन्ही हात लागणार. पदर सुटला.

आणि ठरल्याप्रमाणे ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानंच घोटाळा केला. जोडलेल्या हातांमागे तिचे ओठ चोखल्यासारखे आत गेले, जबडा उजवीकडे सरकला, आणि उकंडरावांच्या डोळ्यांदेखत तिची जीभ बाहेर येऊन आत गेली.

"पाहा!" उकंडराव ताडकन उभे राहिले. "पाहा, आत्ताबी! माफी मांगता मांगता! चाला, उठा!" शेवटचं बायकोला.

"विमल! बंद कर ते!" ओंकारराव ओरडले.

"सूनबाई!" तोताराम गरजले. इतक्या वर्षांत तिच्याशी थेट बोललेला त्यांचा हा पहिला शब्द.

"आईले ओरडू नका!" काजलने मधे यायला पाहिलं, केसरबाईने तिचा दंड धरला.

या सगळ्या आरडाओरड्यात विमलबाईच्या एक गोष्ट लख्ख ध्यानात आली. नकल केली असं एकदा म्हटलं, म्हणजे यापुढे तिचं तोंड जेव्हा जेव्हा हलेल तेव्हा तेव्हा ती नकलच होणार. साक्षगंधाला, लग्नात, नातवाच्या बारशाला, हा माणूस समोर असेल आणि ती त्याला जन्मभर वाकुल्या दाखवत राहील. एक खोटं सांगून मोकळं होता येईल असं भासऱ्यांना वाटलं होतं. तिचं तोंड मोकळं करायला तयार नव्हतं.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "नकल पाहाची हाय ना तुमाले? बसा. मी करून दाखवतो."

उकंडराव बसले ते निव्वळ आश्चर्यानं.

ती त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसली. पदर खांद्यावर घेतला. भासरे समोर होते, असू देत. तिने मान किंचित खाली घातली, हवेतला घास तोंडात घेतला आणि उकंडराव झाली. घास डाव्या गालात ठेवला. दोनदा चावला. वरची कवळी सुटली, तशी जीभ टाळूला लावून तिने ती वर ढकलली, आणि ढकलताना डोळे तेवढे हळूच उजवीकडे गेले, कुणी पाहिलं का म्हणून. मग तळहात आडवा धरून मिशा पुसल्याचं नाटक, म्हणजे त्याआड अंगठ्याने कवळी दाबता येते. मग घसा साफ करून, जसं काही झालंच नाही, "बाग यंदा बरी हाय."

खुद्द उकंडरावांचा तळहात त्या क्षणी मिशांवर होता. तो तिथेच राहिला. सत्यभामाबाईच्या नाकातून फुर्र आवाज आला, आणि तिने घाईघाईनं खाली पाहिलं.

"ही तुमची नकल," विमलबाई म्हणाली. "आज पयल्यांदा केली. याच्यासाठी मी खरी माफी मांगतो. आता मी काईच करत नाई. तुमी फक्त पाहा."

तिने हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं.

सुरू व्हायला वेळ लागला नाही. ओठ आत गेले, बाहेर आले. जबडा सरकला. जीभ गालातून फिरली, गाल फुगला, जीभ ओठांतून डोकावून परत गेली. पुन्हा. पुन्हा. खोलीतली झाडून सगळी माणसं बघत होती. नवरा बघत होता. भासरे बघत होते, त्यांनी इतक्या वर्षांत न पाहिलेलं तोंड समोरासमोर पहिल्यांदा पाहिलं ते हे असं. भर चौकात कुणी लुगडं फेडावं तसं तिला झालं. डोळे मिटून घ्यावेत, पदर ओढावा, उठून पळावं, काय काय वाटलं. ती बसून राहिली. डोळ्यांतून पाणी ओघळून हलणाऱ्या ओठांवर आलं, तेही तिने पुसलं नाही. पुसायला हात वर नेला असता तर तोंड झाकलं गेलं असतं.

"हे तुमचं नाई भाऊ," ती शेवटी म्हणाली, आणि बोलायला लागताच तोंड गुमान ताब्यात आलं. "हे माझं हाय. मी करत नाई, होते. गॅसच्या गोळीनं झालं. बुलढान्याच्या डॉक्टरनं सांगतलं."

केसरबाईने गोकुळकडे पाहिलं. विमलबाईने मुद्दामच गोकुळकडे पाहिलं नाही. गोळी बाजारातून आणली, एवढंच सांगायचं तिने मनाशी ठरवलंही होतं.

"मी देल्ली ते गोळी," गोकुळ म्हणाला. "माझं मेडिकल हाय मोताळ्याले. इतके साल मीच आनून देत होतो काकूले."

"गोकुळ!" केसरबाई म्हणाली.

"राहू दे आई. त्या बसल्या ना सगळ्यायसमोर."

उकंडरावांनी तळहात मिशांवरून खाली घेतला.

"मंग न केल्या गुन्ह्याची माफी काऊन मांगतली तुमी?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

विमलबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ओंकाररावांनी मान खाली घातली. तोताराम चष्मा पुसत होते.

"बिमार मायपरीस आगाऊ माय बरी," ती म्हणाली, "असं घरात ठरलं. मीबी हाव म्हनलं. मले लाज वाटत होती."

"दादा, माझी चूक," ओंकारराव एकदम म्हणाले. ते भावाला म्हणत होते की व्याह्यांना, कळलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, सरळ, हलत असताना. "हे मी रोज पाहू शकलो असतो. नाई पाह्यलं."

तोताराम खाकरले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून बसले.

"जेवाची लाज वाटते का तुमालेबी?" उकंडरावांनी विचारलं.

"जेवताना थांबते ते," विमलबाई म्हणाली. "बाकी वेळची वाटते."

"माझं उलटं हाय," ते म्हणाले, आणि बाजूला सरकवलेला कप त्यांनी पुढे ओढला. चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं काढली, एक घोट घेतला आणि घेताना तोंडावर हात धरला नाही. काजलने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

"कोनती गोळी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सत्यभामाबाई बोलली होती. आल्यापासून तिचा हा पहिला शब्द. गोकुळने गोळीचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. "नाव नोको सांगू बापू. रंग सांग."

त्याने रंग सांगितला.

"सकाळी घेतात ते? चहाच्या आंधी, उपाशीपोटी?"

"हाव, मावशी."

सत्यभामाबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. हाताचा टेका देत ती सतरंजीवरून सरकत सरकत विमलबाईच्या समोर येऊन बसली. ठेंगणी, बारीक बाई. बसली की लहान पोरीएवढी दिसायची.

"इहीनबाई," ती म्हणाली, "तुमचं मानसाकडं लई ध्यान असते. माझ्याकडं पाहा बरं. मी काईच करत नाई."

तिने विमलबाईसारखेच हात मांडीवर ठेवले, ओठ मिटले आणि फोटो काढायला बसावं तशी बसली.

खोलीतल्या सगळ्यांची नजर तिच्या तोंडावर जमली. विमलबाईला मात्र बघायची गरज नव्हती. तिने ते मागच्या आठवड्यात, कुंकवाच्या दिवशीच पाहिलं होतं. वरचा ओठ मधूनच चिमटीत धरल्यासारखा गोळा व्हायचा, गालाला बारीक खळगा पडायचा, की लगेच सरळ. अगदी थोडंसं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. तिला ती विहिणीची लकब वाटली होती. छान आहे, करायला सोपी आहे, पाहुणे गेले की केसरबाईला करून दाखवू, म्हणून तिने ती मनात टिपून ठेवली होती. मघाशी सगळ्यांनी आपलं तोंड पाहिलं तेव्हा विमलबाईला वाटलं होतं की याहून मोठी लाज जगात नसेल. ती आता वाटली.

"दिसते का काई?" सत्यभामाबाईने ओठ न हलवता विचारलं.

उकंडरावांनी कप खाली ठेवला.

"साक्षगंधाच्या आंधी," विमलबाई म्हणाली, "आपन दोघी बुलढान्याले जाऊन येऊ."